मॅनेजरला काढल्यानंतर: टॉक रेडिओतल्या तरुण प्रोड्युसरला पत्र

प्रिय मित्रा,

तुमच्या मॅनेजरचं काय चुकलं, असं तू विचारतोस. बहुधा काहीच नाही. त्यांच्या कामात खोट शोधत बसलास तर भलताच धडा घेशील, म्हणून आधी हिशेब बघ.

स्थानिक टॉक शोच्या तीन तासांसाठी होस्ट, प्रोड्युसर, कॉल स्क्रीनर (आलेले फोन आधी घेऊन निवडणारा) आणि बोर्डवर, म्हणजे आवाजाच्या कन्सोलवर, एक माणूस लागतो. तेच तीन तास सिंडिकेटेड शोने, म्हणजे एकीकडे बनून अनेक स्टेशनांवर लागणाऱ्या शोने भरले तर स्टेशनला अनेकदा रोख पैसे मोजावेच लागत नाहीत. तासातली काही मिनिटं सिंडिकेटर स्वतःच्या जाहिरातींसाठी ठेवतो आणि उरलेली स्टेशन विकतं. यालाच बार्टर म्हणतात. १९८८ मध्ये टॉक शोचे होस्ट रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले, तेव्हापासून अमेरिकेतल्या एएम स्टेशनांना या गणिताची सवय लागली. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा काढली आणि कंपन्यांनी कर्ज काढून स्टेशनं विकत घेतली. पुढे २०१७ मध्ये क्युम्युलस, २०१८ मध्ये आयहार्ट आणि २०२४ मध्ये ऑडसी या रेडिओ कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. मुख्य स्टुडिओ परवान्याच्या गावाजवळच हवा, ही एफसीसीची (अमेरिकेच्या प्रसारण नियामकाची) अटही २०१७ मध्येच गेली. मग एकच मॅनेजर दुसऱ्या शहरात बसून चार गावांची स्टेशनं चालवू शकतो, आणि कंपनीला तेच स्वस्त पडतं.

आता तुझ्यापुढचं काम. मॅनेजर गेला की त्याची दिसणारी कामं कोणीतरी उचलतं, न दिसणारी मात्र तशीच पडून राहतात. सर्वात आधी तिमाही यादी बघ. गावाच्या कोणत्या प्रश्नांवर कोणते कार्यक्रम केले, त्यांची तारीख, वेळ, लांबी आणि थोडक्यात विषय, हे सगळं १० जानेवारी, १० एप्रिल, १० जुलै आणि १० ऑक्टोबरपर्यंत एफसीसीच्या ऑनलाइन पब्लिक फाइलमध्ये चढवावं लागतं. ही यादी शेवटच्या दिवशी आठवून लिहिली की तारखा चुकतात, आणि उशीर झाला तर परवान्याच्या नूतनीकरणात तो कबूल करावा लागतो. रोज शो संपल्यावर दोन ओळी नोंदवल्यास तर हे ओझं राहणार नाही. ईएएसच्या (आणीबाणीच्या इशारा यंत्रणेच्या) साप्ताहिक आणि मासिक चाचण्यांच्या नोंदीवर आता कोण सही करतं, हेही आजच विचार. मासिक चाचणी आली की ती ६० मिनिटांच्या आत पुढे प्रसारित व्हायला हवी. शनिवार-रविवारी स्टुडिओ रिकामा आणि सगळं ऑटोमेशनवर असेल, तर बिघाड नेमका तेव्हाच होतो आणि सोमवारपर्यंत कोणाला कळत नाही.

निवडणुकीचा काळ असेल तर पोलिटिकल फाइल, म्हणजे राजकीय जाहिरातींची सार्वजनिक नोंद, विसरू नकोस. तुमचा होस्ट स्वतः उमेदवार झाला, तर विरोधकांना तेवढ्याच वेळेचा हक्क मिळतो, मग शोमध्ये राजकारणाचं अवाक्षर नसलं तरी. त्यांनी ती मागणी सात दिवसांत करायची असते.

माणसं कमी झाल्यावर सर्वात आधी गफलत होते ती डिलेची, म्हणजे आवाज काही सेकंद उशिरा हवेवर सोडण्याच्या सोयीची. कोणी शिवी दिली की डंपचं बटण दाबून तेवढा आवाज गाळायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डंप दाबताच साठलेले सेकंद खर्च होतात आणि मशीनला ते परत भरून काढायला वेळ लागतो. तेवढ्यात पुढचा कॉलर लाइनवर घेतला आणि तोही घसरला, तर हातात काहीच उरलेलं नसतं. म्हणून डंपनंतर होस्टला बोलू दे किंवा जाहिरात लाव, आणि डिले पूर्ण भरल्याचं दिसल्यावरच पुढचा फोन घे. बोर्डवर नवखा माणूस बसवणार असाल तर हे त्याला आधी करून दाखव.

आता स्थानिक तास वाचवण्याविषयी. यात निल्सनच्या (श्रोते मोजणाऱ्या कंपनीच्या) आकड्यांवर फार विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. रेटिंग चांगलं असूनही शो बंद होतात. सेल्सकडून गेल्या बारा महिन्यांचं बिलिंग तासवार माग. होस्ट स्वतःच्या आवाजात ज्यांच्या जाहिराती वाचतो, ते ग्राहक त्यातून वेगळे काढ. शो गेला की यातले किती जातील, हा आकडा कागदावर असेल तरच वर बसलेले लोक थांबून ऐकतात. ‘गावाला आपली गरज आहे’ हे खरंच आहे, पण त्याने बजेट बदलत नाही.

मॅनेजरबद्दल हवेवर एकच वाक्य बोला: ते आता आमच्यासोबत नाहीत, त्यांच्या कामाबद्दल आभार. रोजचे कॉलर विचारणारच, तेव्हा स्क्रीनरलाही हेच वाक्य लिहून दे.

मॅनेजरना जरूर फोन कर, पण स्टेशनचं रेकॉर्डिंग किंवा फाइल पाठवू नकोस. ती कंपनीची मालमत्ता आहे आणि त्यात तुम्ही दोघंही अडकाल. त्यांना एवढं सांग की सेव्हरन्सच्या (नोकरी जाताना मिळणाऱ्या पैशांच्या) कागदावर लगेच सही करू नका. वय ४० किंवा त्याहून जास्त असेल आणि वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देण्याची अट असेल, तर कायद्याने विचाराला किमान २१ दिवस मिळतात, एकदम अनेकांना काढलं असेल तर ४५, आणि सही केल्यावर ती मागे घ्यायला ७. कोब्रा (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवू देणारा कायदा) लागू असेल तर आरोग्य विमा चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात. नॉन-कम्पीट (प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याचं) कलम असेल तर राज्याचा कायदा बघा म्हणावं. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये प्रसारण कर्मचाऱ्यांवर नोकरी सुटल्यानंतर असं बंधन घालता येत नाही, पण न्यूयॉर्कच्या कायद्यातून व्यवस्थापनातले लोक वगळलेले आहेत.

तुला कदाचित त्यांचं अर्धं काम पगार न वाढवता देऊ करतील. घ्यायचं असेल तर घे, पण कामांची यादी, पद आणि पगाराच्या फेरविचाराची तारीख लेखी घे, आणि त्यासोबत नवं नॉन-कम्पीट पुढे केलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

कळावे.