तलवार खाली ठेवता आली पाहिजे

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या गेममधल्या शापित तलवारीबद्दलची पानं सगळी वाचली. तीन युगांचा इतिहास, लोहारांची वंशावळ, देवांचं युद्ध, म्यानावरच्या लिपीची मुळाक्षरंसुद्धा. मेहनत दिसते, त्यावर वेगळं बोलत नाही. एवढं सगळं लिहूनही तलवार निर्जीव का वाटते, आणि तिला अजून बोलतं करावं का, असं तू विचारलं आहेस. बोलण्याचं नंतर बघू. मी अडले ते एका वाक्यापाशी. तू ते बहुतेक सहज लिहून पुढे गेलीस: "एकदा मुठीला हात लागला की तलवार सुटत नाही."

अगं, तिथेच ती मेली.

जी वस्तू सोडताच येत नाही, तिला कुणाला भुलवावं लागत नाही, मनधरणी करावी लागत नाही, रुसावंही लागत नाही. मग तिला मन हवं कशाला? हातात बेडी पडली की बेडीच्या स्वभावाची चौकशी कोणी करतं का? तलवार खाली ठेवता आली पाहिजे. ठेवता येत असूनही माणूस ती ठेवत नाही, तेव्हा तलवारीचं मन दिसतं. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

हाताला चिकटणारी तलवार कुठून आली हे तुला माहीत आहेच. 'नेटहॅक' या गेममध्ये, म्हणजे 1987 पासून, शापित शस्त्र हातात घेतलं की ते जखडून बसतं. पण त्या शस्त्राला मन नसतं. कुठलंही गंजकं पातं शापित निघू शकतं, आणि न तपासता उचलल्याचा तो दंड असतो. तू ही युक्ती उचललीस आणि मन असलेल्या तलवारीला लावलीस. त्याच गेममध्ये पुढे बघायचं होतंस. तिथे स्टॉर्मब्रिंगर नावाची तलवार आहे, कादंबऱ्यांमधून आलेली. एरवी तुझ्याशी वैर नसलेल्या कुणावर तू वार करायला गेलीस, तर गेम थांबून विचारतो की खरंच हल्ला करायचाय का. ही तलवार हातात असली की तो प्रश्न येतच नाही. रक्ताला चटावलेल्या पात्याने वार केल्याची एक ओळ पडद्यावर उमटते, आणि समोरचा शांतपणे उभा असलेला जीव आता तुझा वैरी झालेला असतो, किंवा मेलेला असतो. तलवारीच्या तोंडी एक शब्द नाही. युगं नाहीत, लोहार नाहीत. नेहमीचा एक प्रश्न काढून घेतला आणि तलवारीला काय हवंय ते कळलं. ती वेगळी शापित नसेल तर केव्हाही बाजूला ठेवता येते. लोक ठेवत नाहीत, कारण ती शत्रूची जीवशक्ती शोषते आणि तिचा वार जबरदस्त असतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या 1974च्या मूळ नियमांत जादूच्या शस्त्रांपैकी फक्त तलवारींना बुद्धी, अहंकार आणि नीतीचा कल दिलेला आहे. भाले, गदा, धनुष्यं यांना नाही. तेव्हापासून तलवार आणि तिचा मालक यांच्यात रस्सीखेच आहे, आणि रस्सीखेच व्हायला दोन्ही टोकांना कोणीतरी लागतं. 1979च्या 'व्हाइट प्ल्यूम माउंटन' या त्याच खेळातल्या साहसात ब्लॅकरेझर नावाची तलवार आली. पाचव्या आवृत्तीतले तिचे नियम नीट वाच, लोर म्हणून, म्हणजे तलवारीची गोष्ट म्हणून वाच. ती आत्मे खाते. ज्याला मारते त्याची ताकद मालकाला तात्पुरती मिळते. तीन दिवस आत्मा मिळाला नाही, की पुढच्या सूर्यास्ताला तिचं आणि मालकाचं वाजतं. प्रेतयोनीतल्या कुणावर ती चालवलीस तर उलटं होतं: जखम मालकाला होते आणि समोरच्याला बळ येतं. तिचं ऐकलं नाही तर ती आपल्या शक्ती रोखून धरू शकते किंवा मालकाचा ताबा घ्यायला बघते. ताबा मिळाला तरी तो बारा बाजूंच्या फाशावर पडेल तेवढ्या तासांचा. म्हणजे माणूस शुद्धीवर येतो. हातात तीच तलवार असते, काय घडलं ते त्याला कळतं, आणि पुढचा सूर्यास्त यायचा असतो. तेव्हा तो काय करतो? गोष्ट तिथे आहे. तुझ्या पानांत तो तास कुठेच नाही.

आता 'वॉरक्राफ्ट'मधल्या राजपुत्र अर्थसकडे येते. तू त्याचं नाव घेतलं आहेस, पण मला वाटतं चुकीच्या कारणासाठी. फ्रॉस्टमोर्न या तलवारीने त्याला बिघडवलं असं तू लिहितेस. 2002चा 'वॉरक्राफ्ट 3' परत खेळ, घाई न करता. तलवार दिसायच्या आधी त्याने काय काय केलंय? स्ट्रॅथहोममध्ये स्वतःच्या प्रजेची कत्तल केली, कारण रोग त्यांच्यात पोचला होता. मॅल्गॅनिस या राक्षसाच्या मागे बर्फाळ नॉर्थरेंडला गेला. माघारीचा हुकूम आल्यावर भाडोत्री सैनिकांकडून स्वतःचीच जहाजं जाळून घेतली, म्हणजे शिपायांना परत जाता येऊ नये. आणि वर जहाजं जाळल्याचा आळ त्याच भाडोत्रींवर घातला. हे सगळं साध्या हातोड्याने केलं, शापाशिवाय. मग ती गुहा. बर्फात रोवलेली तलवार, खाली कोरलेला मजकूर. त्याचा मित्र म्युराडिन तो मजकूर वाचतो आणि स्पष्ट सांगतो की ही शापित आहे, निघू या. अर्थस म्हणतो, माझी भूमी वाचत असेल तर कुठलाही शाप मी सोसेन. बर्फ फुटतं, त्याचा तुकडा लागून म्युराडिन कोसळतो. मित्र पायाशी पडलेला असताना अर्थस तलवार हातात घेतो.

इथे जरा थांब. इशारा कोरलेला होता. वाचून दाखवणारा होता. परत जायचा रस्ता होता. तलवारीने एक अक्षर उच्चारलेलं नाही, आणि तरी त्या गुहेत सगळ्यात जास्त तीच बोलते, कारण त्याचं उत्तर आधीच तयार आहे. आणि ती फसवत नाही, हेही बघ. तिच्यामुळे मॅल्गॅनिस मरतो. जे हवं होतं ते मिळालं. मग तो घरी येतो, त्याच्यावर फुलांचा वर्षाव होतो, आणि तो सिंहासनावरच्या बापाला मारतो. पुढे 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 2008च्या भागात कळतं की त्या बापाचा आत्मा तलवारीतच आहे. ती फुटते तेव्हा तो सुटतो. ती तलवार मुळात कुठे घडली याचा खुलासा कितीतरी वर्षांनी आला, आणि तो नसताना जगभरच्या लोकांना त्या गुहेतला क्षण पाठ होता. तुझी लोहारांची वंशावळ मला का नको आहे ते कळलं का?

तू म्हणशील, खेळणाऱ्याला तिथे नकार देता येत नव्हता. बरोबर. त्या गेममध्ये निवड अर्थसची आहे, आपण त्याच्या मागून चालतो. पण तू लिहितेस तो गेम खेळणाऱ्याला निवड देतो, संवाद निवडायला देतो, माणसं जगवायला-मारायला देतो. मग नेमकी तलवारीचीच निवड का काढून घेतेस? इतकी मोठी गोष्ट हातात असताना?

'सोल एज' या गेममधला सिगफ्रीडही असाच. आपल्याच बापाचा जीव त्याच्या हातून गेला आहे आणि ते त्याला सोसत नाही. मारणारा दुसराच कोणी आहे असं तो स्वतःला पटवतो, आणि त्या नसलेल्या वैऱ्याच्या सूडासाठी सोल एज याच नावाच्या शापित तलवारीच्या मागे लागतो. शापाला शिरायला जागा त्याने स्वतः करून दिली. आपल्याकडच्या कथांमध्ये हे फार पक्कं आहे, ते तुझ्या अंगात मुरलेलं असणार. कर्णाने परशुरामांना ब्राह्मण असल्याचं खोटं सांगून अस्त्र मिळवलं. त्यांनी अस्त्र परत घेतलं नाही. ऐन गरजेच्या वेळी आठवणार नाही, एवढंच म्हणाले. शापाला कारण आहे, वेळ आहे, आणि मधली सगळी वर्षं ते अस्त्र त्याचंच आहे. तुझ्या तलवारीचा शाप "जो उचलेल त्याला" आहे. म्हणजे कुणालाच नाही.

मी ज्या गेमवर सर्वांत जास्त काळ काम केलं, त्यात माझीही अशी तलवार होती. कंपनीचं म्हणणं असं की ताकदवान शस्त्र कोणी टाकत नाही, मग टाकायची सोय, त्याचे संवाद, त्याचे परिणाम यांवर खर्च कशाला? ती हाताला चिकटवून टाका. मी नाही म्हटलं. मला समजावलं गेलं, मुदत सांगितली गेली, मग बैठकांना बोलावणं थांबलं. शेवटी तलवारच गेममधून काढली आणि काही दिवसांनी मी बाहेर पडले. ती कुणाच्या हातात कधी पडली नाही याची खंत मला आजही आहे, आणि ती जाणार नाही. पण चिकटलेली तलवार बाहेर जाण्यापेक्षा ती न गेलेली बरी, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. कोणी टाकत नाही हे खरंच आहे. म्हणूनच तर सोय हवी! हजारात एकाने टाकली तर उरलेल्यांनी ती ठेवली, आणि ठेवली याचा अर्थ लागला. मला हट्टी म्हणणाऱ्या लोकांना हा हिशोब कधी समजला नाही. तू त्यांच्या बाजूला जाऊ नकोस, एवढंच मागते.

आता बोलण्याबद्दल. 'बाल्डर्स गेट 2' या गेममधली लिलॅर्कॉर ही तलवार अखंड बडबडते, विनोद करते, आणि लोकांचा तिच्यावर जीव आहे. पण ती सोबतीण आहे. तुला हवी आहे ती 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या झालॅटाथ या खंजिरासारखी. 2016मध्ये ती धारकाच्या कानात कुजबुजायची, फिरता फिरता एखाद्या जागेबद्दल असं काही सांगायची जे दुसऱ्या कुणी सांगितलंच नसतं. धमकी नाही, उपयोगाची माहिती. जी उपयोगी पडते तिला बाजूला ठेवणं जड जातं. म्हणून तुझ्या तलवारीला थोडं बोलू दे आणि खरं बोलू दे. खोटं बोलली तर खेळणारा सुटला, कारण मग दोष तिचा.

लोहारांना एक ओळ पुरे. युद्धाची पानं बाजूला ठेव, कधीतरी लागतील. त्याऐवजी एक प्रसंग लिही: नदीकाठच्या गावात तुझी ती वैद्यीण आहे ना, तिच्या घरात शस्त्र नेता येत नाही. खेळणाऱ्याला तलवार दाराबाहेर ठेवून आत जाऊ दे, रात्रभर राहू दे, आणि सकाळी दुसऱ्या दाराने निघून जायची वाट मोकळी असू दे. रात्री तलवार हाक मारते का? मारली तर काय म्हणते? आणि पहाटे ती दाराशी नसली, वैद्यिणीच्या मुलाने उचलली असली, तर खेळणाऱ्याला आधी काय वाटायला हवं, सुटल्यासारखं की लुटल्यासारखं? दोन्ही उत्तरं लिहून पाठव. पुढच्या आठवड्यापर्यंत जमेल ना?

तुझी,
ताई