सुतारकाम आणि बांधकामासाठी लेझर लेव्हल घ्यायची आहे. १२ लाईनची घ्यावी की १६ लाईनची?

लाईनींच्या आकड्यात फार अडकू नका. मी सांगलीत फर्निचर आणि फॉल सीलिंगची कामं घेतो. १२ लाईनच्या मशीनमध्ये एक आडवा आणि दोन उभे असे खोलीभर फिरणारे तीन पूर्ण गोल मिळतात, एका गोलाच्या चार लाईनी धरतात. किचन ट्रॉली, वॉर्डरोब, टाईल्स, सीलिंग, सगळं त्यात भागतं. १६ मधला जादा गोल खाली जमिनीलगत पडतो. फरशीवाल्याला तो बरा, सुताराला क्वचितच लागतो.

हिरवी घ्या. लालपेक्षा ती डोळ्याला ठळक दिसते. बॅटरी जास्त खाते, म्हणून जोडीला दुसरी बॅटरी हवीच.

खरं बघायचं ते अचूकता. खोक्यावर १० मीटरला ३ मिमी वगैरे छापलेलं असतं, पण हातात आलेला नग तसा आहे का? पैसे देण्याआधी दुकानातच बघा. मशीन स्टँडवर लावा, ५ मीटर लांबच्या भिंतीवर आडव्या लाईनच्या बरोबर मध्यावर पेन्सिलने खूण करा. आता स्टँड न हलवता मशीन पाव-पाव फेरी फिरवा आणि दर वेळी लाईन त्याच खुणेवर येते का बघा. समोरासमोरच्या दोन बाजूंत दिसणारा फरक चुकीच्या दुप्पट असतो, म्हणजे ५ मीटरवर दीड मिमीची दुप्पट, ३ मिमीपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर दुसरा नग काढायला सांगा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आत लाईन आपोआप लेव्हलला आणणारा झुलता लोलक असतो, त्यामुळे गाडीवरून नेताना त्याचं लॉक लावलेलंच हवं. लॉक लावून जिन्याची तिरकी लाईन मारता येते, पण तेव्हा ती लेव्हल धरू नका.

बांधकामावर भर उन्हात मात्र लाईन दिसतच नाही. पल्स मोड असलेली मशीन आणि न दिसणारी लाईन पकडून दाखवणारा रिसीव्हर घेतला तर काम होतं, पण खर्च वाढतो. इथे २०१९ च्या पुरानंतर बरेच मालक शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण दाखवून जोतं तिच्या वर घ्यायला सांगतात. ती खूण प्लॉटवर आणायला मी अजून पाण्याची लेव्हल पाईपच काढतो. पाईपमध्ये बुडबुडा राहिला नाही ना, एवढं बघायचं.

स्टँड वेगळा घेणार असाल तर मशीनखालचा आटा तपासा. काहींना कॅमेऱ्याच्या स्टँडसारखा दोन सुताचा (पाव इंची) असतो, काहींना पाच सुताचा (५/८ इंची).