कुंड्या गच्चीवर कशाला नेल्या?

"ताई, आईचं वय ६६. जूनमध्ये तिची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टर खूश आहेत. आई मात्र गप्प गप्प असते. दिवसभर टीव्हीसमोर बसते, दोन घास खाऊन ताट सारते, विचारलं तर 'बरं आहे' एवढंच म्हणते. आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. स्वयंपाक बायको बघते, देवपूजा मी उरकतो, फुलं बाजारातून आणतो. अंगणात पाय अडखळायला नको म्हणून तिच्या कुंड्याही गच्चीवर नेऊन ठेवल्या, पाणी घालायला बाई आहे. आता काकड आरती सुरू होईल, पण पहाटेचं तिला झेपणार नाही. समुपदेशकाकडे न्यावं, की महाबळेश्वरला चार दिवस हवापालट करावा?
– एक मुलगा, विश्रामबाग, सांगली"

कुंड्यांचं तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मला बोलायचंय ते त्याच्यावरच. त्यात तुळसही गेली का वर? गेली असेल तर हे वाचणं थांबवा, आधी ती खाली आणा आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही वाईट मुलगा नाही, हे मला कळतं. पण त्याबद्दल पाठ थोपटण्यात मी जागा घालवणार नाही. आईचं हृदय डॉक्टरांनी दुरुस्त करून दिलं आणि घरी आल्यावर तिची सकाळ तुम्ही काढून घेतलीत. उठायचं, तुळशीला पाणी घालायचं, परडीभर फुलं काढायची, पूजा करायची, निवडायला भाजी घ्यायची. यातलं आज तिच्याकडे काय उरलंय? औषधाच्या गोळ्या आणि रिमोट.

बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापून तारेने पुन्हा बांधतात. ते जुळेपर्यंत दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, ढकलायचं-ओढायचं नाही, हे बरोबरच. पण साधारण तीन महिन्यांत हाड जुळतं. आता ऑक्टोबर आलाय. पथ्य पहिल्या पंधरवड्याचं आणि महिना चौथा, असं तुमच्या घरात चाललंय. डॉक्टरांना एकच सरळ प्रश्न विचारा: "आता किती किलो उचललेलं चालेल?" 'काळजी घ्या' हे उत्तर घेऊन परत येऊ नका, आकडा घेऊन या.

मग या रविवारी कुंड्या उतरवा. आदल्या दिवशी पाणी घालू नका, कारण बारा इंची कुंडी ओली असली की पंधरा किलोच्या पुढे जाते. ती हमाली तुमची, आईंनी हातही लावायचा नाही. खाली आणल्यावर पुन्हा जमिनीवर ओळ लावू नका. तुमची अडखळण्याची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय गच्ची नव्हे, टेबल. कमरेच्या उंचीचं, हलणार नाही असं लोखंडी टेबल भिंतीला लावा आणि शेजारी हात असलेली खुर्ची ठेवा. बीपीच्या गोळ्या चालू असताना खाली वाकून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. टेबल असलं की वाकायचा प्रश्नच मिटतो. बादली नको, भरलेली बादली सहज पंधरा किलोची होते. एक लिटरचा तांब्या किंवा छोटी झारी द्या.

शेवंती असेल तर नीट ऐका. रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते, आणि त्यासाठी तिला रात्री सलग अंधार लागतो. पोर्चचा दिवा रात्रभर जळत असेल तर त्याच्या उजेडात कुंडी ठेवू नका. झाड हिरवंगार राहील आणि कळीचा पत्ता नसेल. दिवसा पाच-सहा तास ऊन हवं. शेंडे आता खुडायचे नाहीत, खुडलेत तर कळ्याच जातील. खालची पानं पिवळी पडत असतील तर बहुधा तुमच्या बाई पाणी जास्त घालताहेत. बोट पेरभर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. कळ्यांवर काळा मावा (बारीक काळी कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की तुळशीच्या लग्नापर्यंत ती पुन्हा पानांनी भरते. हे आईंना माहीत असणारच. तुम्हाला अशासाठी सांगतेय, की त्या खुडायला लागल्यावर तुम्ही "राहू दे गं" म्हणू नये.

आणि एक नवं पीक लावा: मेथी. माणूस आजारातून उठलेला असताना लवकर उगवणारं काहीतरी हातात द्यावं. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत खुडायला होते. भाजीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये गोणपाट अंथरून सहा इंच माती भरा. आपली कृष्णाकाठची काळी माती नुसती भरलीत तर पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट घ्या. खत कच्चं असलं तर रोपं जळतात. माती आधी ओली करा, म्हणजे धूळ छातीत जाणार नाही. बी रात्रभर भिजवा. आईंच्या हातात मोजे घाला. बायपासनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुतेक असतेच, त्यामुळे ओरखडाही वाहत राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही बघा.

सुरुवात पंधरा मिनिटांची, सकाळी नऊच्या आत. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन तुम्हाआम्हालाही सोसत नाही. काम करताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर काम तिथेच सोडून डॉक्टरांना फोन.

काकड आरती पहाटेची म्हणून झेपणार नाही, हे तुम्ही ठरवलंत. आईंना विचारलंत का? कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर आहे ती. आठवड्यातून एक दिवस जा. अंगात स्वेटर, दारात रिक्षा, देवळात बसायला खुर्ची. आणि त्या दिवशी बाजारची फुलं न्यायची नाहीत. चारच का होईनात, टेबलावरची न्या. घरची पूजाही उद्यापासून त्यांच्याकडे द्या. तुम्ही ती 'उरकता' असं तुम्हीच लिहिलंय.

समुपदेशकाचं विचारलंत. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन खचणं नवीन नाही आणि त्यावर उपचार आहेत. झोप-जेवण दोन आठवड्यांत सुधारलं नाही, तर डॉक्टरांशी बोला. "आता कशाला जगायचं" असं काही तोंडून आलं, तर मात्र दोन आठवडेही थांबू नका, डॉक्टरांकडे जा. महाबळेश्वर राहू द्या. चार दिवसांनी परत येऊन त्या त्याच टीव्हीसमोर बसणार आहेत.

मेथी तयार झाली की तिची भाजी परतून करायची, पातळ करायची की पराठे, ते आईंना ठरवू द्या. आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या, की तुम्ही दोघं बाहेर थांबा.