वही काढण्याआधी मशीनपाशी जा

बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. कुपवाडच्या एमआयडीसीत लाइन हातात येऊन तीन आठवडे, चौदा माणसं, त्यातली निम्मी तुझ्या वडिलांच्या वयाची, आणि रिजेक्शन, म्हणजे मापात न बसून बाद होणारा माल, काही कमी होत नाही. तू विचारतेस, कडक व्हावं की गोडीनं घ्यावं? ते नंतर बघू. ज्या मामांबद्दल तक्रार आहे, त्यांच्या मशीनपाशी आधी तासभर उभी राहा.

त्यांच्या जॉबचे, म्हणजे कातलेल्या भागांचे, बोअर (आतली भोकं) मोठे जातात म्हणतेस. कधी जातात, ते लिहिलं नाहीस. इन्सर्टची, म्हणजे कातणाऱ्या पात्याची, धार झिजते तसा बोअर लहान यायला लागतो. ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, देऊन माप सांभाळतो. मग नवा इन्सर्ट लावल्यावर तो ऑफसेट परत घ्यायचा राहिला, की पहिलाच जॉब मोठा. बहुतेक वेळा हे पाळी बदलताना घडतं, कारण जाणाऱ्याला बस गाठायची असते आणि येणाऱ्याला काहीच सांगितलेलं नसतं. असं असेल तर चूक मामांची कमी आणि आपल्या व्यवस्थेची जास्त. दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर पाच मिनिटं मशीनपाशी एकत्र आले आणि ऑफसेट फळ्यावर लिहिला गेला, तर बरंच निभावेल.

हे मी महागात शिकलो. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. ऑक्टोबरात माझ्याकडच्या एका चांगल्या कारागिराचं काम निम्म्यावर आलं, उशीर व्हायला लागला. मी त्याला काही न विचारता नोटीस दिली. त्यानं मुकाट्यानं सही केली. पंधरा दिवसांनी कळलं, बायकापोरं पाहुण्यांकडे ठेवून हा माणूस रात्रभर घरातला गाळ काढत होता. मी साहेबांकडे जाऊन नोटीस मागे घ्यायला लावली, त्याची माफीही मागितली. पण पूर्वी मशीनचा आवाज जरा बदलला तरी तो मला हाक मारायचा. ती हाक परत कधी आली नाही.

म्हणून विचारायचं, आणि त्याच दिवशी विचारायचं. वार्षिक पगारवाढीच्या वेळी मार्चमधली चूक काढून बसू नकोस. बाजूला घेऊन बोल. 'तुमचं लक्ष नसतं' म्हटलं की माणूस भांडायला उठतो. 'मंगळवारी अकरानंतर चार जॉब गेले, काय झालं?' असं विचारलं की तोही आठवायला लागतो. चांगलं कामही असंच नेमकं सांग. नुसतं 'छान' त्याला घरी नेता येत नाही.

मामा म्हणतेस ते म्हणत राहा, त्यात तुझा अधिकार कमी होत नाही. फक्त मापाचा गेज मामांना आणि नव्या आयटीआयच्या पोराला एकच लाव.

आता जो खरंच अंग चोरतो त्याच्याबद्दल. सांगून, शिकवून, वेळ देऊनही बदल नसेल, तर तारखेनिशी लिहून ठेव, त्याचं म्हणणं ऐक, आणि मग पुढची कारवाई कर. कीव करून टाळू नकोस. त्याचं काम ओढणारी माणसं तुझ्याकडे बघत असतात. ओव्हरटाइमचंही तेच. आठवड्याच्या ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर हा त्यांचा हक्क आहे. जवळच्यांना बक्षीस म्हणून तो वाटू नकोस.

लाइनवर कॅमेरा लावायचं तुझ्या मनात आहे. मी आटपाडीचा, मला स्वतंत्रपूर आठवतं. १९३९ साली औंध संस्थानानं तिथं शिक्षा झालेल्या माणसांना कोठडीबाहेर ठेवलं, शेती करायला दिली, सोबत बायकामुलंही राहिली. ती खुली वसाहत टिकली. आपण तर घरून डबा घेऊन वेळेवर येणाऱ्या माणसांबद्दल बोलतोय. कॅमेऱ्याचे पैसे इन्सर्टचा साठा वाढवायला माग.

सोमवारी मामांच्या मशीनवर नवा इन्सर्ट किती वाजता लागला आणि पहिला बोअर किती आला, तेवढं मला संध्याकाळी फोन करून सांग.

तुझा,
काका