प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बसवून गेलेली नजर परत येते का?

आईचा मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग, खराब झालाय; मूलपेशींनी (स्टेम सेलनी) रेटिना दुरुस्त होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी अशा पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या पेशी गेल्यात, यावर सगळं अवलंबून आहे.

रेटिनाच्या मागे रंगद्रव्य पेशींचा एकपदरी थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या रॉड आणि कोन पेशींना तोच पोसतो, त्यांचा कचराही तोच उचलतो. हा थर आम्हाला चांगला वाढवता येतो. काही आठवड्यांनी बशीत तपकिरी ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर षटकोनी पेशी फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या. पुढे त्या खालच्या बाजूला पाणी उपसू लागतात आणि थर जागोजागी फुगतो. ते फुगवटे दिसले की पेशी कामाला लागल्या म्हणायचं. मला तो दिवस फार आवडतो.

२०१४ मध्ये जपानच्या कोबे शहरात मासायो ताकाहाशींच्या गटाने एका वृद्ध स्त्रीच्या स्वतःच्याच त्वचेच्या पेशींना आधी मूलपेशी बनवून, त्यांपासून असा थर तयार करून तिच्या डोळ्यात बसवला. नजर सुधारली नाही, पण आणखी खालावलीही नाही. लंडनमध्ये भ्रूणीय मूलपेशींपासून केलेला थर दोघांना बसवला; २०१८ च्या अहवालानुसार ते तक्त्यावरची २९ आणि २१ अक्षरं जास्त वाचू लागले. मात्र त्यांची नजर नुकतीच गेली होती.

रॉड-कोनच मेले असतील तर काम फार अवघड. नव्या पेशींनी पुढच्या चेतापेशींशी जोडणी करायला हवी. उंदरांमध्ये ती झाली असं बरीच वर्षं वाटत होतं. २०१६ मध्ये कळलं की पुष्कळदा नव्या पेशी फक्त आपली प्रथिनं जुन्या पेशींना देत होत्या. काचबिंदूत तर मेंदूपर्यंत जाणारे तंतूच मरतात, ते माणसात अजून कुणाला परत उगवता आलेले नाहीत.

कळकळीने सांगते, पैसे घेऊन 'स्टेम सेल' टोचणाऱ्यांकडे आईला नेऊ नका. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी जवळपास गेली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. खऱ्या चाचणीत उपचाराचे पैसे मागत नाहीत आणि दोन्ही डोळ्यांना एकदम हात लावत नाहीत.

डॉक्टरांना ओसीटी (रेटिनाचे थर दाखवणारं स्कॅन) दाखवून विचारा: मध्यभागी रॉड-कोनचा थर शिल्लक आहे का? आणि आजार ओल्या प्रकारचा, म्हणजे रेटिनाखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून गळणारा, असेल तर सध्याची इंजेक्शनं पेशींची वाट बघत अजिबात थांबवू नका.