लाईट गेली, चहा लाईट आणि लायटीवरची मासेमारी

मालवणहून विचारणा आली आहे: "बातम्यांत 'लाईट मासेमारी' असं येतं. यातला 'लाईट' नाम, क्रियापद की विशेषण? इंग्रजीत एकच शब्द ही तिन्ही कामं करतो, मग मराठीत त्याला काय समजायचं?"

आधी हे 'लाईट मासेमारी' लिहिणं थांबवा. रात्री जनरेटर लावून पाण्यावर प्रखर एलईडी दिवे सोडायचे, उजेडाला मासळी गोळा झाली की पर्ससीनचं, म्हणजे थव्याभोवती वेढा घालून खालून आवळायचं जाळं फिरवायचं, हा तो प्रकार. 2017 मध्ये केंद्र सरकारने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 12 ते 200 सागरी मैलांच्या पट्ट्यात, त्याला बंदी घातली. किनाऱ्यावरच्या माणसाला हे ठाऊक असतं. घाटावरचा वाचक मात्र 'लाईट चहा', 'लाईट जेवण' या चालीवर वाचतो आणि हलकी, किरकोळ मासेमारी समजतो, म्हणजे नेमकं उलटं. 'लायटीवरची मासेमारी' लिहा, घोटाळा तिथेच संपतो.

कारण मराठीत शब्दाची जात सामान्यरूपावरून कळते. लायटी लागल्या, लायटीचं बिल, लायटीखाली बसला: हे नाम, भिंत-भिंती-भिंतीचं या चालीने चालणारं. होडी या अर्थाचं इंग्रजी 'बोट'सुद्धा असंच चालतं, म्हणून 'बोटीला लागलं' आणि 'बोटाला लागलं' यांत कोणी गोंधळत नाही. उलट ज्या परक्या शब्दाच्या आधी 'एकदम' बसतो आणि जो लिंग-वचनाने बदलत नाही, तो विशेषण: एकदम लाईट चहा, एकदम लाईट भाजी. क्रियापदाचं काय? इंग्रजी क्रियापद मराठीत एकटं येत नाही, त्याला करणे, मारणे, लावणे यांपैकी कोणाचा तरी हात धरावा लागतो: चेक कर, इंजिन स्टार्ट कर. 'लाईट'चं तेवढंही झालेलं नाही. 'लाईट लाव' यात तो नाम आहे, 'चहा लाईट कर' यात विशेषण.

आता खरी गोष्ट. इंग्रजीत तरी हा 'एकच शब्द' कुठे आहे? उजेडाचा लाईट आणि हलका या अर्थाचा लाईट ही दोन वेगळी घराणी आहेत, उच्चार झिजून एका दारात आलेली. जर्मनने ती अजून वेगळी ठेवली आहेत: उजेड तो 'लिष्ट', हलकं ते 'लाइष्ट'. उजेडवाला आपल्या संस्कृत 'रुच्' धातूचा नातलग. रोचन, रुची, लोचन ही सगळी त्याच गोतातली. 'रुची'चा मूळ अर्थ झळाळी, जिभेची गोडी नंतरची.

आणि हलकावाला? तो संस्कृत 'लघु'चा सख्खा भाऊबंद. 'लघु'चं प्राकृतात 'लहुअ' झालं, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि 'हलुअ' झालं. 12व्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ही अदलाबदल नोंदलेली आहे. नुकसानचं 'नुस्कान' होतं तोच हा वर्णविपर्यय. या 'हलुअ'तून आपलं 'हळू' आलं, आणि 'हलका'ही त्याच घरचा. म्हणजे टपरीवर कोणी 'लाईट चहा' मागतो आणि शेजारचा 'हलका चहा' मागतो, तेव्हा दोघंही एकच शब्द उच्चारत असतात, हजारो वर्षांच्या दोन वाटांनी आलेला! रघुराजाचं नावही याच मुळातलं: वेदांत 'रघु' म्हणजे चपळ, वेगवान.

म्हणून 'प्रकाशाला वजन नसतं, त्यावरून हलक्यालाही लाईट म्हणतात' असं कोणी सांगत असेल, तर ते साफ चूक आहे. अर्थ जुळवून व्युत्पत्ती ठरत नाही; ध्वनी कोणत्या वाटेने बदलले ते दाखवावं लागतं, आणि ते दाखवलं की ही कल्पना एक क्षणही टिकत नाही.

किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक. सिगारेट पेटवायचा लायटर उजेडाच्या घराण्यातला. पण बंदरात मोठ्या जहाजाचा माल उतरवून घेणाऱ्या सपाट बुडाच्या होडीलाही इंग्रजीत लायटरच म्हणतात, आणि ती हलक्याच्या घराण्यातली: जहाज हलकं करते ती. कोकणच्या बंदरांत हेच काम पडाव नावाच्या होडीने केलं. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, बोजे पडावातून किनाऱ्याला लागायचे.

लिंगाचंही सांगून टाकतो. परक्या शब्दाला मराठी प्रतिशब्दाचं लिंग मिळतं, हा नियम पुस्तकं सांगतात, पण तो अर्धवट सांगतात. प्रकाश, उजेड, दिवा सगळे पुल्लिंगी, तरी 'लाईट गेली' स्त्रीलिंगी, कारण तिथे अर्थ वीज असा आहे. दिवा अभिप्रेत असला की 'बोटीवरचा लाईट फुटला' असंही ऐकू येतं, आणि तेही बरोबरच आहे.