एक शिरस्त्राण झालं, आता आठ कशी करायची?

प्रश्न : दादा नमस्कार. आमचं सातारा जिल्ह्यातलं मंडळ आहे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही मावळ्यांचं पथक काढतो. यंदा मी घरीच एक शिरस्त्राण बनवलंय, पातेल्यावर कागदाचा लगदा चढवून घुमट केला, वर फोमच्या पट्ट्या आणि एम-सीलची नक्षी, पुढे नाकावरची पट्टी, वर टोक, कडेला तुरा खोचायला दोन नळ्या, मागे कड्यांची जाळी. सगळ्यांना आवडलं आणि आता मंडळाला तशीच आठ पाहिजेत. भाऊ म्हणतो बादलीत पालथं ठेव आणि वरून सिलिकॉन ओत, साचा तयार. असं चालेल का? आणि सिलिकॉन किती आणायचं?

उत्तर : बादलीत ओतू नका, पहिलं हेच सांगतो. तुमच्या घुमटाचा व्यास 22 सेंटिमीटर धरला आणि भोवती-वरती तीन-तीन सेंटिमीटर जागा सोडली तरी बादली भरायला साडेसहा किलोच्या आसपास सिलिकॉन जाईल. तेच ब्रशने थर देत 8 मिलिमीटर जाडीचं केलं, खाली तीन सेंटिमीटरची किनार सोडली, तर 900 ग्रॅमच्या आत काम होतं, भांड्याला-ब्रशला लागून वाया जाणारं धरून एक किलो आणा. या सगळ्या कामात सिलिकॉनच सगळ्यात महाग, त्यामुळे मंडळाच्या वर्गणीतला पैसा इथेच वाचतो. शिवाय बादलीतला तो जाडजूड गोळा वाकतच नाही आणि न वाकणाऱ्या सिलिकॉनचा उपयोग काय.

आता दुसरं, आणि माझ्या मते हे जास्त महत्त्वाचं. अख्ख्या शिरस्त्राणाचा एकच साचा करायला जाऊ नका. नाकाची पट्टी, टोक, नळ्या, जाळी हे सगळं सुटं काढा. दख्खनी शिरस्त्राणात मुळातच हे भाग वेगळे असायचे, नाकाची पट्टी तर वरखाली सरकायची आणि जाळी घुमटाच्या कडेला भोकांत अडकवलेली असायची, म्हणजे सुटं करणंच अस्सलाला जास्त धरून आहे. साच्यात फक्त घुमट आणि त्यावरची नक्षी जाऊ द्या. टोकाला आणि नळीला छोटे वेगळे साचे पुरतात, पट्टी पत्र्याची कापा, जाळी विकतची कडी लावून करा. ज्या जागी पट्टी-नळ्या बसणार तिथे घुमटावर फक्त बारीक खूण ठेवा म्हणजे आठही कॉप्यांत भोकं एकाच जागी पडतील.

मग घुमट घ्या आणि त्याच्यावर काम करत बसा, अगदी चिकाटीने, कारण सिलिकॉन सगळं उचलतं. कागदाचा लगदा खडबडीत राहिला तर खडबडीत, बोटाचा ठसा राहिला तर ठसा, एम-सीलवर नखाचा ओरखडा राहिला तर तोही आठ वेळा. लगद्यावर आधी लाकडाचा सीलर किंवा पातळ केलेला फेव्हिकॉल दोनतीन हात मारा म्हणजे तो शोषायचा थांबेल, मग गाड्यांचे पेंटर वापरतात ती एनसी पुट्टी पातळ थरात, वाळली की 220 नंबरचा पॉलिश पेपर, परत पुट्टी, 400, मग प्रायमर, मग 600. फोमच्या पट्टीच्या कडेला जी बारीक फट राहते ना ती खास बघा, सिलिकॉन त्या फटीत शिरतं आणि वाळल्यावर तिथे पातळ पापुद्रा अडकून फाटतो. खिडकीशी नेऊन उजेड तिरका पाडून बघा, सरळ उजेडात दिसत नाहीत ते खड्डे तिरक्या उजेडात लगेच दिसतात. दोन दिवस यातच गेले तरी जाऊ द्यात, पुढची आठही शिरस्त्राणं याच पृष्ठभागावर अवलंबून आहेत.

घुमट सनमायका लावलेल्या प्लायवर ठेवा, आतून कागदाचे बोळे दाबून भरा म्हणजे हाताच्या दाबाने पिचकणार नाही, आणि कडेची फट शाडूने बंद करा. वॅक्स पॉलिशचे दोन हात देऊन पुसून घ्या.

कशाने घट्ट होतं (क्युअर होतं) त्यावरून सिलिकॉन दोन जातीचं मिळतं, टिन क्युअर आणि प्लॅटिनम क्युअर. तुमच्या कामाला टिनचं बरोबर आहे, स्वस्त पडतं आणि लगदा-पुट्टी-शाडू कशाशीच फारसं भांडत नाही. काही वर्षांनी ते आकसतं आणि कडक होतं खरं, पण आठ शिरस्त्राणांना कुठे वर्षं लागतात. दुकानात शोअर ए (रबर किती मऊ-कडक त्याचं माप) 20 ते 30 च्या मधलं मागा. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि ते वजनावर आहे, झाकणाने किंवा अंदाजाने नाही, ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागेलच. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून मिसळा, तळाशी न मिसळलेलं राहिलं की तेवढाच डाग कायम चिकट राहतो.

पहिला थर पातळ. ब्रशने नक्षीच्या खाचांत ठोकून ठोकून भरा, फासू नका, आणि फुगा दिसला की फुंकर मारून किंवा टाचणीने फोडा. हा थर बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला आला की दुसरा. दुसऱ्यापासून थर उभ्या बाजूवरून ओघळायला लागतात म्हणून त्यात थिक्सो (सिलिकॉन दाट करणारं द्रव्य) मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं. एक युक्ती सांगतो, एका आड एक थरात सिलिकॉनच्या रंगाचा थेंब टाका, पांढऱ्यावर निळा चढवताना कुठे पातळ राहिलंय ते सरळ दिसतं, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं लावताना काही कळत नाही आणि माथ्याकडचा भाग हमखास पातळ राहतो कारण सिलिकॉन सगळं खाली उतरतं. शेवटच्या थरावर एकेक सेंटिमीटरची सहासात सिलिकॉनची बटणं चिकटवा, ही पुढे कवचात बसून साचा जागच्या जागी धरतात.

कवच सोडू नका! नुसतं सिलिकॉन म्हणजे लोळागोळा, त्यात माल (पीओपी किंवा फायबर) भरला की शिरस्त्राण वाकडं निघणार. गणपतीच्या कारखान्यात रबरी साच्याला बाहेरून पीओपीचं कवच असतं ते याचसाठी. मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज 15 सेंटिमीटर रुंदीचं आणा, सिलिकॉनच्या पाठीवर व्हॅसलीनचा पातळ हात, आणि ओल्या पट्ट्यांचे पाचसहा थर आडवे-उभे. तुमचा घुमट खाली उघडत जाणारा असेल तर कवच एकाच तुकड्याचं चालतं. पण कानाजवळ तो परत आत वळला असेल तर एकसंध कवच निघणारच नाही, तेव्हा मधोमध शाडूची भिंत उभी करून आधी एक अर्ध, मग भिंत काढून, उघड्या किनारीला व्हॅसलीन लावून दुसरं अर्ध, आणि उघडायच्या आधीच दोन्ही किनारींतून भोकं पाडून नटबोल्टची सोय करून घ्यायची.

सगळं पूर्ण एक दिवस राहू द्या, थंडीत दीड. आधी कवच काढा, मग सिलिकॉन कडेने सोलत उलटं करत काढा. आणि लगेच माल भरू नका, टिनच्या सिलिकॉनमधून वाळताना अल्कोहोल निघत असतं, ते अजून दोन दिवस उडून जाऊ द्यात, घाई केली तर पहिल्या कॉपीचा पृष्ठभाग चिकट राहतो. मिरवणूक 19 फेब्रुवारीला, म्हणजे साचा जानेवारीअखेर तयार हवा.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. कॉमिक कॉनसाठी स्वतःच्या डिझाइनचं रोबो हेल्मेट केलं, मोल्डसाठी महागाचं एकास एकवालं सिलिकॉन आणलं. तीन दिवस झाले, बराचसा भाग मस्त रबर झालाय पण जिथे क्ले होती तिथे आणि एका बाजूला चिकट रसच आहे. वजन अगदी बरोबर केलं होतं. माल खराब होता का?

उत्तर : मालावर संशय घेऊ नकोस, अर्ध्याहून जास्त भाग रबर झालाय म्हणजे माल ठीक आहे आणि प्रमाणही ठीक आहे. एकास एकवालं म्हणजे बहुधा प्लॅटिनम क्युअर, आणि त्याचा शत्रू गंधक. मॉडेलिंगची तेलकट क्ले असते तिच्यात बऱ्याचदा गंधक असतं, ती जिथे लागली तिथे सिलिकॉन कधीच वाळणार नाही, तीन दिवस काय तीन महिने ठेवलं तरी. दुसऱ्या बाजूचं तू लिहिलं नाहीस, पण तिथे लॅटेक्सचे हातमोजे लागले होते का आठव, रबरी मोज्यांचंही तेच होतं. किंवा त्या बाजूचा पार्ट रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेला असेल, ते प्रिंट वरून कोरडे दिसतात पण पूर्ण क्युअर झालेले नसतात आणि तेही प्लॅटिनमला अडवतात. आधी टिनच्या सिलिकॉनसाठी वापरलेला ब्रश किंवा भांडं घेतलं असलं तरी हाच प्रकार.

आता करायचं काय, तर चिकट भाग खरवडून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हेल्मेट स्वच्छ पुसून घे, वाळलेला भाग चांगला असला तरी ठिगळ लावू नकोस, जोड कायम दिसतो. गंधक नसलेली क्ले आण, डब्यावर तसं लिहिलेलं असतं, हातमोजे नायट्राइलचे. हेल्मेटवर अॅक्रिलिक क्लिअरचे दोनतीन हात मार आणि पूर्ण वाळू दे. आणि पुढच्या वेळी काहीही करायच्या आधी हेल्मेटच्या आतल्या कोपऱ्यात पाच ग्रॅम सिलिकॉन लावून रात्रभर ठेवून बघ, पाच ग्रॅममध्ये उत्तर मिळतं.

प्रश्न : आम्ही फोंड्याचे, शिगमोच्या वेशभूषेसाठी हेल्मेट करतो. सिलिकॉनचा साचा चांगला निघाला, पण त्यात पीओपी भरून काढलेलं हेल्मेट इतकं जड की मुलगा अर्धा तास घालू शकत नाही. फायबर घरी करता येईल का?

उत्तर : येईल ताई, पण घरात नाही, अंगणात. वजनाचा फरक सांगतो, आकडा बघा : 22 सेंटिमीटरचा घुमट पीओपीत 8 मिलिमीटर जाडीचा केला तर 700 ग्रॅमच्या आसपास जातो, तोच फायबरमध्ये जेलकोट (सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर) आणि चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर दिले तर 200 ग्रॅमच्या जवळपास. आणि पडला तरी फुटत नाही.

पॉलिएस्टर रेझिन मिळतं त्याच दुकानात मॅट, जेलकोट, हार्डनर मिळतं. आधी जेलकोटचा हात, तो चिकटसर झाला की मॅटचे तळहाताएवढे तुकडे (कापू नका, फाडा, फाडलेली कड एकमेकांत मिसळते) रेझिनने भिजवत ब्रशने ठोकत बसवायचे, मॅट पांढरी दिसते तिथे हवा आहे, पारदर्शक झाली की बसली. हार्डनर 100 ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम, उन्हात कमी.

आता हे नीट वाचा. रेझिन प्रमोटेड म्हणजे कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगाने करवणारं द्रव्य) आधीच घातलेलं मागा. काही दुकानदार कोबाल्ट आणि हार्डनर दोन वेगळ्या बाटल्यांत देतात, या दोन बाटल्या एकमेकींत कधीही मिसळायच्या नाहीत, थेट मिसळल्या तर भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका, गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे. वास येतो तो रेझिनमधल्या स्टायरीनचा, त्याला कापडी मास्क काही कामाचा नाही, कार्बन कार्ट्रिजवाला लागतो. मुलाला त्या वेळी जवळ ठेवू नका. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते म्हणून पाण्याचा हात घेऊन घासा, आतली बाजू फोमने किंवा कापडाने पूर्ण मढवा.

पॉलिएस्टर सिलिकॉनला हळूहळू खातं, दर कॉपीनंतर साचा एक दिवस मोकळा ठेवला तर जास्त टिकतो.

प्रश्न : हे फायबरचं शिरस्त्राण घालून बाईक रॅलीत जायचं ठरलंय. चालेल ना?

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे दुचाकीवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाचं हेल्मेट लागतं, ते मानक आयएस 4151. त्यातला आतला जाड थर्माकोल डोक्याला बसणारा धक्का शोषून घेतो, तुमच्या शिरस्त्राणात तो नाही, उलट पुढची पत्र्याची पट्टी आणि वरचं टोक पडल्यावर तोंडात-मानेत घुसेल. रॅलीत आयएसआयचं हेल्मेट घाला, शिरस्त्राणं टेम्पोत नीट गुंडाळून पाठवा आणि पायी मिरवणूक सुरू होते तिथे चढवा.

प्रश्न : साचा पुढच्या वर्षासाठी कसा ठेवायचा?

उत्तर : साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, कवचात बसवून बोल्ट लावून ठेवा, घडी घालून किंवा वर सामान रचून अजिबात नको, वाकलेला राहिला की तसाच घट्ट होतो. एक कॉपी आतच राहू द्या, तिच्यामुळे आकार धरून राहतो. टिनचा साचा एकदोन वर्षांनी कडेला फाटायला लागेल, म्हणून मूळ घुमट फेकू नका, आणि कवचावर तारीख आणि कुठलं सिलिकॉन वापरलं ते मार्करने लिहून ठेवा.